साइटमॅपमधील जुने पत्ते

जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीवरील प्रत्येक संकेतस्थळावर ‘असुरक्षित’ असा शेरा मारू लागला, तेव्हा अनेकांनी आपले बिऱ्हाड घाईघाईने एचटीटीपीएसवर हलविले. परंतु शोधयंत्रांना पृष्ठांचे पत्ते कळविणारी आणि एकेका फायलीत ५०,००० पत्ते सामावू शकणारी जी साइटमॅप नावाची यादी, तिच्यात फेरफार करण्याचे भान सर्वांनाच राहिले असे नाही. जुने पत्ते ३०१ क्रमांकाच्या पुनर्निर्देशनामुळे नव्या ठिकाणी पोहोचतात हे खरे, तथापि यादीत अंतिम पत्ताच नमूद असावा. गूगलच्या सर्च कन्सोलमधून साइटमॅपची जुनी नोंद रद्द केली की गूगल ती विसरते, हा समज मात्र भाबडा होय; सर्व्हरवरील मूळ फाइलच हटवावी किंवा बदलावी लागते, आणि ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या फायलीतील तिचा उल्लेखही दुरुस्त करावा लागतो.