चैत्र ते मृग : पुण्यातल्या घरांचं उन्हाळी गोड

दिवाळीचा फराळ ताटात भरून, वर रुमाल झाकून शेजारीपाजारी पाठवता येतो. चकली आठ दिवस राहते, लाडू पंधरा दिवस. उन्हाळ्यातल्या गोडाचं तसं नाही. सकाळी काढलेला आमरस रात्रीपर्यंत काळा पडू लागतो, श्रीखंड बाहेर राहिलं की आंबतं, आणि पॉटचं झाकण काढलं की आइस्क्रीम तिथल्या तिथे संपवावंच लागतं. हे गोड माणसांकडे जात नाही, माणसांनाच त्याच्याकडे यावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातल्या घरांमध्ये जी ये-जा असते तिचं एक कारण शाळेची सुट्टी आहे हे खरंच, पण दुसरं कारण या नाशवंतपणात आहे असं मला वाटतं.

हा मोसम पाडव्याला सुरू होतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागला की संपतो. कॅलेंडर शाळांनी आखलेलं असे. १ मे रोजी निकाल, हातात प्रगतिपुस्तक, आणि एक-दोन दिवसांत एसटीने किंवा पॅसेंजरने मामाचं गाव. मुंबई-नाशिक-सोलापूरच्या कितीतरी मुलांचं मामाचं गाव म्हणजे पुणंच होतं. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा अशा पेठांतल्या वाड्यांमध्ये एका चौकाभोवती बिऱ्हाडं असत आणि सुट्टीत प्रत्येक बिऱ्हाडात चार-पाच मुलं वाढत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले पुष्कळ वाडे गेले. उरलेल्यांपैकी बरेच पुढे इमारतींसाठी पाडले गेले. चौक गेला तशी एकत्र बसून काही करण्याची जागाही गेली. उन्हाळी पदार्थांचं पुढे जे झालं त्यात या जागेचा मोठा वाटा आहे.

पाडव्याचं श्रीखंड हे यातलं सर्वांत सोपं आणि सर्वांत आधी दुकानात गेलेलं गोड. घरी करायचं तर आदल्या दिवशी सायीसकट दुधाचं दही पंचात बांधून रात्रभर टांगायचं, सकाळी चक्का पुरणयंत्रातून काढायचा, बरोबरीने साखर घालायची, वेलदोडा, जायफळ, केशर. अडचण उन्हाची. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात टांगलेलं दही पहाटेपर्यंत आंबट होतं, म्हणून हल्ली पंचा चाळणीवर ठेवून तो फ्रीजमध्येच निथळू देतात. चितळे बंधूंचं पुण्यातलं दुकान १९५० साली सुरू झालं, आणि आज पाडव्याच्या आदल्या दिवशी शहरातल्या कुठल्याही डेअरीसमोर चक्क्यासाठी रांग दिसते. विकतचा चक्का आणून घरी साखर घोटणं ही पुण्याने काढलेली मधली वाट आहे, आणि ती मला मनापासून पटते. अवघड भाग डेअरीकडे, चवीचा भाग घराकडे.

पाडव्यापासून तिसऱ्या दिवशी, चैत्र शुद्ध तृतीयेला, गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर राहते. तिचं हळदीकुंकू म्हणजे पुण्यातला उन्हाळ्याचा पहिला खरा मेळावा. कैरी घातलेली वाटली डाळ, गूळ-वेलदोड्याचं पन्हं, ओटीला भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. पन्ह्याचा गर आधी करून ठेवता येतो आणि पाहुणी दारात आली की पाण्यात ढवळून पेला भरता येतो. दुपारी चारच्या उन्हातून चालत आलेल्या बाईला आल्याबरोबर काय द्यावं याचं इतकं नेमकं उत्तर दुसरं नाही. आता नोकरीमुळे हे हळदीकुंकू शनिवार-रविवारी होतं, आणि सोसायटीतल्या दोघी-तिघी मिळून एकच गौर मांडतात. गौरीला त्याने काही उणं आलेलं नाही.

खरा मोसम आंब्याचा. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने आंबा दिल्याशिवाय तो तोंडात न घालण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. त्याच दिवशी बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर ११ हजार आंब्यांचा नैवेद्य मांडतात आणि देवळाबाहेर रस्त्यापर्यंत वास येतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळ मार्चपासूनच येऊ लागतं, पण मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात ते येतं मे महिन्यात. रत्नागिरी-देवगडच्या नावाखाली परराज्यातला आंबा विकला जातो ही तक्रार जुनी आहे. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पेटी उघडून वास घेण्याला पर्याय नाही. कृषी पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात शेतकऱ्याकडून थेट पेटी घेता येते. ती कच्ची आणून पलंगाखाली गवतात अढी लावायची आणि रोज सकाळी पिकलेली फळं वर काढायची, हे काम मुलांनी हौसेने करावं असं आहे.

रसाला मात्र हापूस नव्हे, पायरी. हापूस फोडी करून खायचा. त्याचा रस घट्ट होतो, गोडही होतो, पण पायरीची ती पातळ, किंचित आंबूस झाक त्याला नाही. जाणत्या घरांत दोन्ही मिसळतात. आंबे आधी पाण्यात बुडवून ठेवायचे, देठाशी दाबून पहिला चिकाचा थेंब टाकून द्यायचा, मग हाताने घोळून मऊ करायचे आणि पिळायचे. मिक्सरमध्ये रस फिरवला की त्यात हवा शिरते, तो फेसाळतो आणि रंगही फिका पडतो. पिळलेल्या रसात गुठळ्या आणि धागे राहतात, आणि तेच त्याचं वैभव आहे. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात रस कळकतो, म्हणून स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्यावं. पातेल्यात एक-दोन कोयी राहू द्यायच्या म्हणजे रस काळा पडत नाही, असं जुन्या बायका सांगत. वाढताना चिमूट मीठ, वर साजूक तूप, आणि बाधू नये म्हणून मिरपूड किंवा सुंठ. बरोबर पोळी, बटाट्याची सुकी भाजी, मटकीची उसळ आणि तळलेली कुरडई. देशावरच्या काही घरांत शेवयांवर रस घेतात, पुरणाची पोळीही करतात. आणि कोयी-साली फेकायच्या नाहीत. त्या पाण्यात कोळून, त्या पाण्याला तूप-जिऱ्याची फोडणी देऊन, मिरची-गूळ घालून सार करायचं. दुपारच्या जड जेवणानंतर रात्री गरम भात आणि हे सार एवढंच पोटाला चालतं.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण आठवणींच्या लेखांत ती गळून जाते. मे महिना हा माहेरवाशिणीच्या विश्रांतीचा महिना होता, आणि म्हणूनच तो त्या घरातल्या सुनेच्या सर्वांत जास्त कष्टाचा महिना होता. नणंदा मुलं घेऊन येत. त्यांना वर्षभरातून पंधरा दिवस चुलीपासून सुटका मिळे, आणि ती मिळायलाच हवी होती. पण ती सुटका वहिनीच्या खांद्यावर उभी असे. वीस माणसांच्या रसाला शंभर पोळ्या लागतात, आणि त्या ४० अंशांच्या दुपारी, पंखा लावला तर गॅस फडफडतो म्हणून पंखा बंद ठेवून, लाटायच्या. आधी मुलांची पंगत, मग पुरुषांची, आणि बायका बसायच्या तेव्हा पातेल्याच्या तळाशी उरलेला रस. ती सून स्वतःच्या माहेरी जाई ती सगळे परतल्यावर, जूनच्या तोंडावर, तेव्हा आंबा उतरलेला असे. उन्हाळी गोडाचा आढावा घेताना हा हिशेब मांडला नाही तर तो आढावा अपुरा आहे.

म्हणूनच पॉटच्या आइस्क्रीमचं मला विशेष वाटतं. या साऱ्या मोसमात ते एकच गोड असं होतं की ज्याला घरातले सगळे हात लागत, पुरुषांचेसुद्धा. लाकडी पिंप, त्यात पत्र्याचं उभट भांडं, भांड्यात पाती, वर दांडा. हे यंत्र मूळचं अमेरिकेतलं. नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली त्याचं पेटंट घेतलं. पुण्यात ते भाड्याने मिळे. दूध आदल्या रात्री आटवून गार करायचं, सकाळी काका सायकलवरून गोणपाटात गुंडाळलेली, भुसा लागलेली बर्फाची लादी आणत, ती मोगरीने फोडायची आणि पिंपात बर्फाचा थर, जाड्या मिठाचा थर असं रचत जायचं.

मिठाचं काम काय, हे शाळकरी मुलाला समजावण्याची याहून चांगली जागा नाही. बर्फ वितळताना उष्णता शोषतो. मीठ घातल्याने तो शून्याच्या खालीही वितळत राहतो, आणि वजनाने साधारण २३ टक्के मीठ झालं तर ते मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. साखर घातलेलं दूध शून्याला गोठत नाही, त्याला आणखी दोन-तीन अंश खाली जावं लागतं. नुसत्या बर्फाने ते कधीच गोठलं नसतं. दांडा फिरवायचा तो भांड्याच्या कडेला धरलेला बर्फाचा पापुद्रा खरवडून आत मिसळायला, म्हणजे स्फटिक बारीक राहतात आणि जिभेला रवा लागत नाही. सुरुवातीला मुलं फिरवत, दांडा जड होऊ लागला की मोठे भाऊ, आणि शेवटी मामा किंवा काका, पिंपावर गोणपाट टाकून एकाला वर बसवून. खारं पाणी झाकणाच्या वर चढू द्यायचं नाही, नाहीतर सगळं आइस्क्रीम खारट. म्हणून खालच्या भोकाचं बूच काढून पाणी सोडत राहायचं. शेवटी आंब्याचा गर घालून थोडं फिरवायचं आणि ताजा बर्फ रचून तासभर मुरवत ठेवायचं. दुकानातल्या आइस्क्रीमपेक्षा यात हवा फार कमी, म्हणून ते वाटीत जड बसतं.

फ्रीज आले तसे पॉट माळ्यावर गेले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरोघर नवी रीत आली. दूध, साखर, कॉर्नफ्लॉवर, जीएमएस पावडर आणि चिमूटभर सीएमसी उकळून फ्रीजरमध्ये लावायचं, घट्ट झालं की साय घालून बीटरने दुप्पट होईपर्यंत फेटायचं आणि पुन्हा लावायचं. पहिली पावडर दुधातली चरबी आणि पाणी धरून ठेवते, दुसरी स्फटिक मोठे होऊ देत नाही. या पावडरी रविवार पेठेत सुट्या मिळत, आणि उन्हाळी वर्गांतून बायका ही कृती वहीत उतरवून घेत. आइस्क्रीम चांगलंच होई. पण ते एकटीने, रात्री, स्वयंपाकघरात करायचं काम झालं.

छापील पुस्तकांनीही या स्वयंपाकाला दिशा दिली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ साली पुण्यात छापलं गेलं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आलं, आणि १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं. सासूजवळ उभं राहून शिकण्याची सोय नसलेल्या, वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलींना ‘रुचिरा’ने हात दिला. साखरांबा, गुळांबा, मुरांबा हे कैरीचे टिकाऊ प्रकार त्यामुळे फ्लॅटमध्येही होत राहिले.

बाहेरच्या गोडाचाही मान ठेवायला हवा. पाहुण्यांना घेऊन संध्याकाळी मस्तानी प्यायला जाणं हा पुण्याच्या उन्हाळी पाहुणचाराचाच भाग आहे. दाट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा, वर सुका मेवा. निंबाळकर तालमीजवळ सुजाता किंवा तुळशीबागेशी कावरे, प्रत्येक घराचं दुकान ठरलेलं. घरच्या सुनेला एक संध्याकाळ मोकळी मिळे, हाही त्यातला फायदा.

काही वर्षी उन्हाळ्यातच अधिक मास येतो. २०१८ साली ज्येष्ठ अधिक होता, २०२६ सालीही १७ मे ते १५ जून तोच. मग जावयाला बोलावून ३३ अनारशांचं वाण. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, सावलीत सुकवून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, आणि खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात तळायचे. अनारसा तुपात विरघळला तर पीठ पुन्हा मळावं लागतं. हे वाण विकत आणण्यात मला काही वावगं वाटत नाही, आणि वाण फक्त जावयालाच का, लेकीलाही का नको, हा प्रश्न घरोघर विचारला जातो आहे तो योग्यच आहे.

आता मुलं बंगळूरला, डब्लिनला, न्यू जर्सीला. न्यू जर्सीत शाळा जूनमध्ये सुटतात, म्हणजे नातवंडं पुण्यात पोचतात तेव्हा मृग लागलेला असतो आणि आंबा संपत आलेला. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, लासलगावच्या केंद्रात विकिरण करून पेट्या जाऊ लागल्या. तरी तिकडच्या बहुतेक पंगतींत रस डब्यातल्या केशर गराचाच असतो. त्याला नावं ठेवू नयेत. त्याच्याभोवती वीस माणसं जमतात, आणि तिकडे पोळ्या लाटायला पुरुष उभे राहतात हे मी पाहिलं आहे.

पुण्यातही ही सुरुवात झाली आहे. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून, चक्का डेअरीतून, आंबे मात्र घरात पिळायचे. हॉलमध्ये जुनं वर्तमानपत्र पसरून सगळ्यांनी गोल बसायचं, ज्यांना मधुमेह आहे त्यांची वाटी आधीच लहान काढून ठेवायची, आणि पंगत एकच, सगळ्यांची एकत्र. पॉट अजून काही घरांत माळ्यावर असेल. बूच आणि पाती शाबूत असतील तर खाली काढावा. बर्फ मिळतो, जाडं मीठ मिळतं, आणि दांडा फिरवायला उत्सुक असलेली मुलं प्रत्येक सोसायटीत आहेत. जेवणानंतरचा चिकट ओटा, रसाने माखलेली पातेली, खाऱ्या पाण्याने ओला झालेला व्हरांडा हे काम अजून पुष्कळ घरांत एकाच बाईकडे जातं. पुढच्या वैशाखात पेटी घेताना तेही आधीच वाटून घ्यावं.