थरावर थर (भाग 7) : पाण्याची दोन पात्रे

मागच्या आठवड्यात आपण निर्वात कोठीत धातूची वाफ करून काचेवर थर चढवण्याची पद्धत पाहिली. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, जंगलपट्ट्यातल्या लहान महाविद्यालयाला अशी कोठी परवडणे अवघडच. पण चार चंचुपात्रे, एक काचपट्टी आणि दोन मोटारी एवढ्या सामानावरही नॅनोमीटरच्या मापाचा थर वाढवता येतो. ही ‘सिलार’ पद्धत फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी 1985 मध्ये मांडली. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांच्या गटाने तिच्यावर मोठे काम केले. हबीब पठाण आणि लोखंडे यांच्या 2004 मधल्या आढावा-लेखाचा हवाला आजही जगभर दिला जातो.

झिंक सल्फाइडचा थर घेऊ. पहिल्या पात्रात झिंक सल्फेट, तिसऱ्यात सोडियम सल्फाइड, दुसऱ्या आणि चौथ्यात ऊर्ध्वपातित पाणी. काच पहिल्यात बुडवली की जस्ताचे आयन तिला चिकटतात. पाण्यात सैल आयन धुऊन जातात, उरलेल्यांशी तिसऱ्या पात्रातला सल्फाइड संयोग पावतो, चौथ्यात सुटा चुरा निघतो. झाली एक फेरी.

सगळी गोम पाण्यात आहे. धुणे कमी पडले तर सैल जस्त सल्फाइडच्या पात्रात उतरते, द्रावण गढूळते आणि काचेवर बोट लावताच निघणारी पांढरी पूड बसते. जास्त धुतले तर चिकटलेले आयनही सुटतात. द्रावणात 20 सेकंद, पाण्यात 10, असे धरले तर 100 फेऱ्यांना निव्वळ बुडवण्याचीच 100 मिनिटे लागतात. इतका वेळ माणसाचा हात एकसारखा चालत नाही. म्हणून यंत्र हवे.

रचना साधी ठेवावी. एक स्टेपर मोटार पात्रांची तबकडी फिरवते, दुसरी स्क्रूवरून काच खाली-वर नेते. 200 पावलांत एक फेरा आणि स्क्रूची चाल 2 मिलिमीटर असेल, तर एका पावलाला काच 0.01 मिलिमीटर सरकते. मोटार पात्रांच्या वर टांगू नये, बाजूला बसवावी. सल्फाइडच्या वाफा धातू खातात.

याच पट्ट्यातल्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. द्रावण तापते, पाणी उडते, संहती वाढते, आणि जानेवारीत जमलेली कृती मे महिन्यात बिघडते. म्हणून प्रत्येक फेरीचे तापमान यंत्राने स्वतः नोंदवलेच पाहिजे. माझ्या मते वेगवान मोटारीपेक्षा ही नोंद मोलाची. यंत्र 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालेल असे करावे, म्हणजे वीज गेली तरी काच द्रावणात अडकून राहत नाही.

धुण्याचे पाणी मोरीत ओतू नये. जस्त पाण्यातल्या जिवांना घातक, आणि याच पद्धतीने कॅडमियम सल्फाइडचा थर चढवला, तर कॅडमियम त्याहून कितीतरी विषारी. हे पाणी वेगळ्या कॅनमध्ये साठवण्याची सोय आराखड्यातच हवी, कारण चंद्रपूरच्या मोऱ्यांचे पाणी शेवटी इरई नदीकडेच जाते.