चेंडू पडद्यावर, डाव पुस्तकात!

'गाइड' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? प्रश्नांची तयार उत्तरं, परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी आणि आमच्यासारख्या शिक्षकांच्या कपाळावरच्या आठ्या! खरं ना? पण मुलांनो, आज मी तुम्हाला एका वेगळ्याच गाइडची ओळख करून देणार आहे. हे गाइड आहे फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचं. आणि गंमत म्हणजे, मी चक्क त्याची बाजू घेणार आहे!

व्हिडिओ गेम कसा खेळावा हे सांगणारी छापील पुस्तकं असतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊकही नसेल. पण एके काळी त्यांचा खप जबरदस्त होता. जपानमध्ये १९८५ साली सर्वांत जास्त खपलेलं पुस्तक कोणतं, सांगा पाहू? कादंबरी नव्हे, की शब्दकोश नव्हे. ते होतं 'सुपर मारियो ब्रदर्स' या खेळाचं गाइड! अमेरिकेत १९९० साली 'प्रिमा' ही संस्था सुरू झाली, तीही अशाच पुस्तकांवर वाढली. पुढे इंटरनेटवर सगळं फुकट मिळू लागलं, गिऱ्हाईक आटलं आणि २०१८ साली प्रिमानं आपलं काम बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आता जरा विचार करा. मारियोचं गाइड लिहिणं त्यातल्या त्यात सोपं. गुप्त वाट कुठे आहे, कोणती वीट फोडायची, हे सगळं दर वेळी जागच्या जागीच असतं. फुटबॉलचं काय? तिथे समोरचे अकरा जण सारखे पळताहेत. कोणत्या क्षणी कोणतं बटण दाबायचं, हे कुणी लिहून देऊच शकत नाही. मग लिहिणाऱ्यानं करायचं काय? त्याला 'का' सांगावं लागतं. इथे पास का द्यायचा, तिथे थांबायचं का. फुटबॉलच्या चांगल्या गाइडची खरी किंमत आहे ती इथेच. ते तयार उत्तर देत नाही, विचार करायची रीत देतं.

असं गाइड उघडलं की आधी भेटतो बटणांचा तक्ता. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बटणं तर दाबून दाबून कळतात! बरं, एक उदाहरण पाहा. प्लेस्टेशनवर 'फिफा' आणि 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' हे दोन्ही खेळ वर्षानुवर्षं खेळले गेले. फिफात गोलाच्या बटणानं गोलवर फटका बसे आणि चौकोनाच्या बटणानं चेंडू उंच उडे. प्रो इव्होल्यूशनमध्ये नेमकं उलटं! म्हणजे एका खेळाची सवय असलेला दुसरा खेळायला बसला, की चेंडू उडवायच्या जागी फटका मारून मोकळा. तक्त्यावर दोन मिनिटं नजर टाकली असती, तर ही फजिती टळली असती.

मग येते संघाची रचना. ४-४-२, ४-३-३, ३-५-२ हे आकडे तुम्ही पाहिले असतील. बेरीज करा बरं. दर वेळी १० येते ना? कारण गोलरक्षक यात धरत नाहीत. पहिला आकडा बचावपटूंचा, मधला मध्यरक्षकांचा आणि शेवटचा आघाडीवीरांचा. आता समजा, तुमची रचना आहे ३-५-२ आणि समोरच्याची ४-४-२. मैदानाच्या मध्यावर तुमचे पाच, त्याचे चार. म्हणजे तुमचा एक जण मोकळा सापडणार! पण मागे उरले तिघंच. समोरच्यानं कडेनं चेंडू पळवला, तर? धावाधाव तुमचीच! म्हणजे एकीकडे माणूस वाढवला की दुसरीकडे जागा रिकामी राहते. हे आहे साधं गणित, पण पडद्यावर चेंडू पळत असताना ते सुचत नाही. कागदावर शांतपणे बोट ठेवून पाहिलं, की लख्ख कळतं.

पुढच्या पानांवर खेळाडूंच्या गुणांचे तक्ते असतात. वेग किती, पास किती अचूक, फटका किती जोरदार. नुसतं मोठ्या नावाकडे पाहायचं नाही, तर आपल्या डावाला कोण लागतो ते आकड्यांवरून शोधायचं. आणि शेवटी गमतीजमती! कोनामी कंपनीच्या 'इंटरनॅशनल सुपरस्टार सॉकर डिलक्स' या जुन्या खेळात ठरावीक क्रमानं बटणं दाबली, की पंचाचा चक्क कुत्रा व्हायचा!

आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. वाचनाच्या तासाला पुस्तक समोर धरायचा, पण ओळ काही पुढे सरकायची नाही. 'हा वाचतच नाही' असा शिक्का त्याच्यावर बसून गेला होता. त्याला आतेभावाकडून फुटबॉलच्या खेळाचं एक जुनं, फाटकं इंग्रजी गाइड मिळालं. एके दिवशी ते घेऊन तो माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, मार्क म्हणजे गुण ना? मग इथे खेळाडूला मार्क करायचं म्हणजे काय?" आम्ही दोघांनी शब्दकोश काढला. मार्क करणं म्हणजे समोरच्या खेळाडूला चिकटून राहणं, हे समजल्यावर त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. कुणी न सांगता! त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी तो नवा शब्द घेऊन यायचा. इंग्रजीचे शब्द तर झालेच, पण पुस्तकाची भीती गेली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

पालकहो, तासन्‌तास खेळू द्या, असं मी मुळीच म्हणत नाही. पण मूल असलं पुस्तक वाचत असेल, तर 'हे काय वाचन आहे?' म्हणून ते हिसकावू नका. उलट म्हणा, "मला एक पान समजावून सांग." समजावून सांगता आलं, तर ते वाचनच!

छापील गाइडची एक खोड मात्र आहे. ते शिळं होतं. फिफाचा पहिला खेळ १९९३ साली आला. पुढे जवळजवळ दर वर्षी नवा येत राहिला, आणि २०२३ पासून तर या मालिकेचं नावच 'ईए स्पोर्ट्स एफसी' झालं. जुन्या गाइडमधले खेळाडू केव्हाच निवृत्त झाले. ते तक्ते आता कुणाच्या कामाचे नाहीत. पण तीन बचावपटूंच्या बाजूला जागा मोकळी राहते, हे कालही खरं होतं, आजही आहे. नावं शिळी होतात, कारणं नाहीत. आणि इंटरनेटवरचा व्हिडिओ? तोही जरूर पाहा. पण तो पुढे पुढे पळतो. पान मात्र तुमच्यासाठी थांबतं.

आता तुमच्यासाठी घरचा अभ्यास, पण गमतीचा! वीस चिंचोके घ्या. दहांना खडूनं पांढरे ठिपके द्या. फरशीवर मैदान आखा आणि एका बाजूला ३-५-२, दुसऱ्या बाजूला ४-४-२ मांडा. मोकळी जागा कुठे दिसते ते शोधा आणि वहीच्या एका पानावर आकृती काढून खाली पाच ओळी लिहा. अट एकच, प्रत्येक ओळीत 'कारण' हा शब्द आला पाहिजे. झालं तुमच्या गाइडचं पहिलं पान तयार! ते मित्राला वाचायला द्या आणि मग खुशाल त्याच्याशी सामना खेळा. तो जिंकला तर रुसायचं नाही बरं का. तुमचं गाइड चांगलं होतं, एवढाच त्याचा अर्थ!