पेटी कुलपात का?

आषाढी जवळ आली की एसटी स्टँडवरच्या टपरीत, रिक्षात, घरी आजीच्या मोबाइलवर एक आवाज हमखास ऐकू येतो. खडा, मोकळा, थेट काळजाला भिडणारा. प्रल्हाद शिंदे! हा आवाज आपल्या मंगळवेढ्याच्या मातीतला आहे, हे तुमच्या वर्गात किती जणांना माहितेय? विचारून बघा.

शिंदे घराण्याचं मूळ मंगळवेढ्याचं. घरात गरिबी. आईवडील भजन-कीर्तन करायचे आणि पोरगा त्यांच्यासोबत गायचा. हाच त्याचा क्लास. पुढे भक्तिगीतं, भीमगीतं, कव्वाली असं सगळं त्यांनी गायलं. २००४ मध्ये ते गेले, पण मुलं आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श अशी तिसरी पिढी आज गाण्यावर उभी आहे. तुमच्या प्लेलिस्टमध्ये यातलं कोणीतरी नक्की असणार.

आता म्हणाल, असा आवाज लाखात एकाचा. बाकीच्या पोरांचं काय? प्रश्न बरोबर आहे. आणि खरं सांगायचं तर गाण्यानं गरिबी हटत नाही. त्याचा पुरावाही आपल्याच गावात आहे. चोखोबांचे अभंग सातशे वर्षं गायले जातायत, सोयराबाईंचेही. पण १३३८ मध्ये याच मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि मजुरांसोबत चोखोबाही गेले. अभंगांनी त्यांना ना वेठबिगारीतून सोडवलं, ना देवळात घेतलं.

मग शिकवायचं कशाला? जरा लांबचं उदाहरण बघू. व्हेनेझुएलात १९७५ मध्ये होसे अँतोनियो अब्रेऊ या माणसानं कराकासमधल्या एका गॅरेजमध्ये मोजकी पोरं जमवून वाद्यवृंद सुरू केला. वाद्यं फुकट, शिकवणी फुकट, आणि शाळा सुटल्यावर रोजचा सराव. त्यातूनच गुस्ताव्हो दुदामेल पुढे लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. हा ‘एल सिस्तेमा’ जगभर गाजला. पण २०१७ मध्ये सुमारे २,९०० मुलांचा अभ्यास आला आणि त्यात दोन गोष्टी दिसल्या. मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा सुधारला होता, चमत्कार काही नव्हता. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी: गरिबांसाठीच्या या वर्गांत खऱ्या गरिबांची पोरं कमीच होती.

हे आपल्याकडेही होणार नाही असं नाही. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, पण परीक्षेपर्यंत जायला फी लागते, घरी पेटी लागते. दक्षिण भागातल्या दुष्काळी गावातल्या, आईबाप उसाच्या फडावर गेलेल्या पोराला हे कोण देणार?

पण आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे, जी कराकासच्या त्या गॅरेजात नव्हती. बहुतेक गावात भजनी मंडळ आहे. पेटी आहे, पखवाज आहे, टाळ तर ढिगानं. एकादशीला बाहेर निघतात, मग पुन्हा कपाटात. कुलूप!

तुमच्यातल्या कुणाला भजनाचा ठेका येतो, कुणी गॅदरिंगला पेटी वाजवता. आठवड्यातून दोन संध्याकाळी, तासभर, दहा पोरं. टाळ धरायला फी लागत नाही. ज्याला वर्गात कुणी उत्तर विचारत नाही, त्याचा टाळ चुकला तर मात्र सगळं भजन थांबतं, आणि तो पुढच्या वेळी चुकू नये म्हणून घरी ताटलीवर सराव करतो. मला तरी बदल म्हणतात तो एवढाच दिसतो, आणि तो थोडा नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पहिल्याच दिवशी पोरांचं रील काढू नका. आणि सुरू केलं तर परीक्षेच्या नावाखाली मध्येच सोडू नका, कारण सोडून जाणारी माणसं त्या पोरांनी आधीच भरपूर बघितलीयत.

आता गावाकडे जाल तेव्हा देवळातल्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, तेवढं आधी विचारून या.