ईव्हीएसचा पेपर आणि लातूरची पाण्याची रेल्वे

कॉलेजात ईव्हीएस, म्हणजे पर्यावरण अभ्यास, कॉमर्सवाल्यांनाही का असतो? १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. त्यातूनच पुढे पदवीच्या सगळ्या शाखांना हा पेपर लागू झाला.

पण त्याची खरी गरज कळते ती २०१६ च्या लातूरकडे पाहिल्यावर. मांजरा धरण आटलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर.

पाणी संपलं कशामुळे? भूगोलवाला म्हणेल, पाऊस कमी झाला. भूगर्भशास्त्र सांगतं, खाली बेसॉल्टचा कातळ आहे, पाणी साठतं ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात. अर्थशास्त्र सांगतं, उसाला ठरलेला दर आहे आणि कारखाना तो घेतो, म्हणून शेतकरी ऊस लावतो. कायद्याचा अभ्यासक सांगेल, ज्याची जमीन त्याचंच खालचं पाणी, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे.

सगळ्यांचंच बरोबर, पण एकट्याचं अर्धवट. नुसत्या बोअर वाढवल्या तर भेगा अजून लवकर आटतात. नुसतं ‘ऊस बंद करा’ म्हटलं, तर शेतकऱ्याचं घर कसं चालणार? तुरीला, सोयाबीनला खात्रीचा भाव मिळणार का, हेही बघावं लागतं.

म्हणून यंदाचा प्रोजेक्ट नेटवरून उतरवू नका. दुसऱ्या शाखेतला एक दोस्त सोबत घ्या आणि गावातली एक विहीर निवडा. पाण्याची पातळी, भोवतालचं पीक, त्याचा भाव आणि ते पाणी कुणाला मिळतं, एवढं वर्षभर लिहून ठेवा.