कृपेने तारण म्हणजे काय? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून एक धडा



मराठी साहित्य शिकताना बाबा पदमनजी, रेव्हरंड ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई ही नावं आपल्याला भेटतात. त्यांचं लेखन समजून घ्यायचं तर 'कृपा', 'विश्वास' आणि 'तारण' हे तीन शब्द आधी नीट कळायला हवेत. शब्द ओळखीचे आहेत, पण अर्थ धड कळला नाही तर एक प्रश्न हमखास उभा राहतो : "माणूस कर्मानं नाही, कृपेनं तरतो म्हणता, मग चांगलं वागायचं तरी कशाला?" प्रश्न रास्त आहे. आज तोच सोडवू.

१. 'तारण' या शब्दाचे दोन अर्थ

राजापेठेतून बाजारात निघालात तर एखाद्या बँकेच्या पाटीवर 'सोनेतारण कर्ज' असं वाचायला मिळेल. शेतकऱ्यांच्या घरी 'शेतमाल तारण' हा शब्दही माहीत असतो. इथे तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. ख्रिस्ती मराठीत मात्र तारण म्हणजे तारणं, पापापासून माणसाची सुटका. गंमत अशी, की हे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत. बँकेत आधी आपण काहीतरी ठेवायचं, मग पैसे मिळतात. ख्रिस्ती शिकवण म्हणते, देवापुढे ठेवायला माणसाजवळ काहीच नाही, तरीही देव देतो. या देण्यालाच 'कृपा' म्हणतात.

२. मजुरी आणि देणगी

आपल्या वऱ्हाडात कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. जितका कापूस वेचला तितके पैसे. मालक संध्याकाळी पैसे देतो, तेव्हा तो उपकार करत नाही. तो त्या बाईचा हक्कच असतो.

बायबलमधल्या रोमकरांस पत्रात, चौथ्या अध्यायात, संत पौल नेमका हाच फरक सांगतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती देणगी नव्हे. तारण मात्र देणगी आहे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याचं कारणही दिलं आहे : तारण कर्मानं मिळालं असतं, तर माणसाला बढाई मारायला जागा राहिली असती.

मग विश्वास कशाला? देणगी घ्यायला हात पुढे करावा लागतो. पण हात पुढे करणं ही काही देणगीची किंमत नव्हे. ख्रिस्ती विचारात विश्वास म्हणजे तो पुढे केलेला हात.

हा विचार पुढे युरोपात मोठ्या वादाचा विषय झाला. पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रं तेव्हा पैसे घेऊन दिली जात. त्याविरुद्ध मार्टिन लूथरनं १५१७ साली जर्मनीतल्या विटेनबर्ग इथे ९५ मुद्दे मांडले आणि त्यातून प्रोटेस्टंट पंथ उभे राहिले. जवळजवळ पाच शतकांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, कॅथलिक चर्च आणि लूथरन चर्चच्या जागतिक संघानं या विषयावर एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. तारणाची सुरुवात देवाच्या कृपेतूनच होते, हे दोघांनी मान्य केलं.

३. रमाबाईंचा प्रवास

आता आपल्या मातीतलं उदाहरण. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. सारं कुटुंब तीर्थयात्रा करत फिरे, पुराणं सांगे. व्रतं, उपास, दानधर्म यांत काही कमी नव्हतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात मात्र घरात अन्न उरलं नाही. वडील, आई आणि मोठी बहीण, एकामागून एक गेले. इतकं केलं, आणखी किती करायला हवं होतं? कर्माच्या हिशेबात हा प्रश्न कधी संपत नाही.

पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. गोष्ट इथेच संपली, असं आपल्याला वाटतं. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्या वेगळंच सांगतात. बाप्तिस्मा घेऊनही मनाला शांती नव्हती. धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. विधी आणि नियम बदलले होते, हिशेब जुनाच चालू होता. आपण आहोत तशाच स्वीकारल्या गेलो आहोत, हे त्यांना १८९१ च्या सुमारास उमगलं.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. 'कर्मानं तारण नाही' हे वाक्य फक्त दुसऱ्या धर्मांच्या व्रतांना लागू नाही. बाप्तिस्मा, प्रार्थना, चर्चमधली हजेरी यांनाही ते तितकंच लागू आहे.

४. मग चांगलं काम कशाला?

कृपा कळल्यावर रमाबाई हात बांधून बसल्या का? उलट झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना आधार दिला. पुणे जिल्ह्यात केडगावला 'मुक्ती मिशन' उभं राहिलं. तिथे शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, तेही तिथेच छापलं गेलं. १९२२ साली त्यांचं निधन झालं.

कामं तर आधीही होती, नंतरही. फरक क्रमात आहे. आधी कृपा, मग काम. आंबे लागले म्हणून झाड आंब्याचं होत नाही, झाड आंब्याचं असतं म्हणून आंबे लागतात. याकोबाच्या पत्रात कृतीविना विश्वास मेलेला असल्याचं सांगितलं आहे, तेही याच अर्थानं. आणि यात एक व्यवहाराची गोष्टही आहे. जो स्वतःचं पुण्य मोजत बसतो, त्याच्यासाठी उपाशी मुलगी हे पुण्याचं साधन होऊन बसतं. ज्याला मोजायचं नसतं, त्याला ती मुलगी दिसते.

रमाबाईंच्या कार्यावर टीकाही झाली, हेही माहीत असू द्या. शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, या कारणावरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं.

५. आपल्याकडचा असाच विचार

कृपेची चर्चा भारतातही जुनीच आहे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेत दोन दाखले देतात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं, हा मर्कटन्याय. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, हा मार्जारन्याय. माणसाचा प्रयत्न किती आणि देवाची कृपा किती, हा वाद तिथेही रंगला. आपण पाहिलेली ख्रिस्ती शिकवण मांजरीच्या पिल्लाजवळ जाणारी आहे, असं म्हणता येईल.

विचार करा, वहीत लिहा :

१. 'मजुरी' आणि 'देणगी' यांतला फरक स्वतःच्या घरातलं उदाहरण देऊन सांगा.
२. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंना शांती का मिळाली नाही?
३. बक्षिसासाठी केलेली मदत आणि कृतज्ञतेनं केलेली मदत, घेणाऱ्याला यात फरक जाणवतो का? तुमचं मत लिहा.