फोटोमागची चार अक्षरे

मागच्या रमजान ईदला आमच्या घरी जुनी लोखंडी पेटी उघडली गेली. निकाहनामा, जमिनीचे उर्दूतले कागद आणि तळाशी एक काळापांढरा फोटो. खुर्चीवर बसलेले दादा ओळखू आले, मागे उभे असलेले मोठे चाचा ओळखू आले. डावीकडे टोकाला टोपी घातलेला एक तरुण उभा आहे. तो कोण, हे घरात कोणालाच सांगता येईना. अम्मी म्हणाल्या, "दादी होते तो बता देते." फोटो उलटून पाहिला. मागे काहीच लिहिलेले नव्हते.

आज आमच्या शिरूर अनंतपाळसारख्या लहान तालुक्याच्या गावातही एका निकाहात जितके फोटो निघतात, तितके पूर्वी साऱ्या खानदानात मिळून निघत नसत. ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतात, दोन दिवस माशाअल्लाह होते आणि मोबाईल भरला की पुसले जातात. कोणत्याही फोटोखाली नाव नसते, गाव नसते, साल नसते. म्हणजे फोटो वाढले, पण टोकाला उभा असलेला तरुण अनोळखीच राहणार.

यावर एक साधा उपाय आहे. इंटरनेटवर आपली स्वतःची वही सुरू करायची. तिलाच ब्लॉग म्हणतात.

वही कशी उघडावी?

ब्लॉग हा शब्द १९९९ पासून रूढ झाला. त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली आणि २००३ मध्ये ती गूगलने घेतली. ती आजही मोफत आहे. ज्याच्याकडे जीमेलचे खाते आहे, त्याला वेगळे काही लागत नाही. 'ब्लॉगर डॉट कॉम' उघडायचे, त्याच खात्याने आत जायचे, वहीला एक नाव आणि एक पत्ता द्यायचा. 'नवीन पोस्ट'वर बोट ठेवले की कोरे पान समोर येते.

मराठी टाइप करता येत नाही, ही अडचण आता राहिलेली नाही. मोबाईलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली आणि माइकचे चिन्ह दाबले की आपण बोलतो ते अक्षरांत उमटते. चुका होतात, त्या नंतर दुरुस्त कराव्यात. उर्दूही तशीच लिहिता येते, फक्त मजकूर उजवीकडून लावून घ्यावा. पहिल्याच दिवशी मोठा लेख लिहायला बसू नये. एक फोटो आणि त्याखाली चार गोष्टी: कोण आहे, कुठे आहे, केव्हाचा आहे, कोणी काढला. एवढे लिहिले तरी पहिले पान झाले.

जुना फोटो मोबाईलमध्ये घेताना तो खिडकीजवळ सपाट ठेवावा, फ्लॅश बंद ठेवावा, मोबाईल अगदी समांतर धरावा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, फाटतो. मूळ फोटोच्या मागे नाव लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. पेनाची शाई पुढच्या बाजूला उतरते. दुसऱ्याकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे, नाहीतर तो आक्रसून येतो.

लिहायचे काय?

"आमच्याकडे लिहिण्यासारखे काय आहे?" असे भगिनी विचारतात. आपल्या लातूर जिल्ह्यातच पाहा. उदगीरच्या किल्ल्यात अरबी-फारसी शिलालेख आहेत. सहलीला गेलेली मुले त्यांच्यासमोर उभी राहून स्वतःचे फोटो काढतात, मागे काय कोरले आहे ते विचारत नाहीत. ज्या घरात उर्दू वाचणारे वडीलधारे आहेत, त्यांनी नातवाला त्यातली दोन-चार अक्षरे जरी ओळखून दाखवली, तरी एक पान तयार होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्या ढिगाऱ्यांत घरोघरच्या पेट्याही गेल्या. ती पहाट पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. निजामाचे राज्य आणि १९४८ ची पोलीस कारवाई ज्यांनी लहानपणी पाहिली, ती मात्र आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसून विचारले नाही, तर पुढे विचारायला कोणी राहणार नाही. नानीच्या हातचे तिळाचे खट्टे, शादीतली गीते, गावातल्या कारागिरांची घराणी, हे सारे लिहिण्यासारखेच आहे.

फोटोबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. ज्या घरात माणसांचे फोटो नको वाटतात, तिथे शिलालेख, जुनी वास्तू, हस्तलिखित, शेत, दस्तरखान यांचे फोटो घ्यावेत आणि माणसांबद्दल शब्दांत लिहावे. वही थांबत नाही.

आमची चूक

आता दुसरी बाजू. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा एक फोटो आम्ही हौसेने सर्वांसाठी खुला टाकला. खाली मुलींची पूर्ण नावे आणि इयत्ता लिहिली. नाव लिहावे, हे आम्हीच तर सांगत होतो! दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीच्या अम्मी शाळेत आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सर, तुम्ही आम्हाला विचारलं असतं तर बरं झालं असतं." आम्ही फोटो लगेच काढला, माफी मागितली. पण तोवर तो कितीजणांच्या मोबाईलमध्ये गेला, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नका, अशी शिकवण आहे. ती आपण मुलांना पाठ करून देतो. दुसऱ्याचा चेहरा न विचारता हजार लोकांसमोर नेणे हे परवानगीवाचून दार उघडण्यासारखेच आहे, हे आम्हाला त्या दिवशी समजले.

आपला हा भाग हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाची एक गोष्ट इथे आठवते. राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार होते. पडद्यातल्या स्त्रियांनाही फोटो काढून घ्यायचा असे. त्यांच्यासाठी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ उघडला गेला. भोवती उंच भिंती, आत काम करणाऱ्या स्त्रियाच, आणि कारभार एका इंग्रज बाईंकडे. त्या स्त्रियांनी पडदाही सोडला नाही आणि फोटोही सोडला नाही. मोबाईलच्या काळात ती भिंत आपल्यालाच बांधावी लागते.

भिंत कशी बांधावी?

ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये वाचकांची मर्यादा ठरवता येते. वही सर्वांसाठी खुली ठेवता येते किंवा ज्यांचे ईमेल पत्ते आपण देऊ तेवढ्यांनाच वाचता येईल अशीही ठेवता येते. आमचा सल्ला असा की दोन वह्या कराव्यात. किल्ला, शिलालेख, पाककृती, गावच्या आठवणी यांची खुली. आणि कुटुंबाच्या फोटोंची फक्त नातेवाइकांसाठी. पूर्ण नावे दुसऱ्या वहीत लिहावीत.

मोबाईलच्या कॅमेऱ्यात 'लोकेशन' चालू असेल तर फोटोसोबत जागेची नोंदही जाते. घरात काढलेल्या फोटोसाठी ते बंद ठेवावे. मुलांचा शाळेचा बिल्ला, आधार कार्ड, सातबारा किंवा घराचा नंबर फोटोत येत नाही ना, हे पाहावे. दुसऱ्याने काढलेला फोटो त्याला विचारून आणि त्याचे नाव देऊनच वापरावा. त्यावर कायद्याने त्याचा हक्क असतो. मुलीचा फोटो असेल तर आई-वडिलांना विचारावेच, पण मुलीलाही विचारावे. ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपला.

जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला, मुस्लिम स्त्रियांचे त्यांच्या खात्यांवरून उचललेले फोटो लावून इंटरनेटवर खोटा 'लिलाव' मांडण्याचा नीच प्रकार घडला. तेव्हापासून काही घरांत मुलींच्या हातचा मोबाईलच काढून घेतला गेला. आईवडिलांची भीती खोटी नाही. पण त्यांत पत्रकार होत्या, लिहित्या-बोलत्या स्त्रिया होत्या, आणि अनेकींनी गप्प न बसता तक्रारी केल्या. जानेवारी २०२२ मध्येच मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने आरोपींना पकडले. गुन्हा फोटो चोरणाऱ्याचा होता. त्याची शिक्षा आपल्या मुलीला का द्यावी?

असा प्रसंग आलाच तर आधी स्क्रीनशॉट घ्यावा, पानाचा पत्ता जपून ठेवावा आणि मगच इतर काही करावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र विभाग आहे. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. मुलीने ही गोष्ट घरात पहिल्यांदा सांगितली, तर तिच्यावर ओरडू नये. ओरडलो तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

टोकाचा तरुण

आमच्या पेटीतला फोटो आम्ही नातेवाइकांच्या बंद वहीत टाकला आणि खाली लिहिले, "डावीकडचे कोण?" आठ-दहा दिवस काहीच आले नाही. मग निलंग्याहून खालांचा फोन आला. नातीने त्यांना फोटो मोठा करून दाखवला होता. तो तरुण म्हणजे दादांच्या धाकट्या फुफूंचा मुलगा. कामासाठी हैदराबादला गेला आणि ऐन जवानीत तापाने वारला. घरात त्याचे नाव घ्यायलाही कोणी उरले नव्हते.

आम्ही पेन्सिलीने फोटोमागे त्याचे नाव लिहिले, वहीतही लिहिले आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी दुआ केली. वाचक बंधू-भगिनींनो, या जुम्म्याला आपली पेटी उघडा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि एकाच फोटोमागची चार अक्षरे लिहून काढा. बाकीचे, इन्शाअल्लाह, आपोआप सुचत जाईल.